कॅमेऱ्यावरची छत्री

पेण, शुक्रवार, भाद्रपद १९९४

फोटो कसा यायचा तो येवो, मला ती छत्रीच आठवतेय. जिते स्टेशनपुढच्या बांधावर आज ढगांनी नुसता छळ मांडला. ऊन पडलं म्हणून कॅमेरा काढावा, की पाऊस! रोलमध्ये एकच फोटो उरलेला. सासूबाई मागे छत्री धरून कुरकुरत होत्या, "डोंगराचा कसला फोटू काढतेस गो? त्यात माणूस नाय."

तेवढ्यात भर पावसातच ऊन आलं. भातं उजळली, मागे डोंगर काळाभोर. काय दिसलं ते! बटण दाबलं आणि वळले. छत्री सगळी कॅमेऱ्यावर, सासूबाई ओल्याचिंब.

"अहो आई, स्वतःवर धरायची ना छत्री!" मी ओरडलेच.

"मी सुकेन गो," पदर पिळत म्हणाल्या, "तुझा कॅमेरा सुकंल काय?"