दिवेवाल्याच्या परतीबाबत

दिनांक ११ नोव्हेंबर, मंगळवार. आज दुकान उघडले नाही. फळ्या न काढता आत बसून हे लिहिले. दुपारी शेजारचे शिंपी आणि वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई सह्या करायला येणार आहेत.

मी, घड्याळे दुरुस्त करणारा, वय एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र शुद्धीत व राजीखुशीने लिहीत आहे. हात कापत नाही. अक्षर पाहून खात्री करावी. माझे कान कोणी भरलेले नाहीत. पुतण्याने प्रयत्न केला, त्याचा उल्लेख पुढे येईल.

१. मे महिन्यातले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी भाचीला वगळले होते. कारण सांगणे भाग आहे, कारण ती चोर आहे असे मी चार लोकांत बोललो.

माझी थोरली बहीण, ताई, फेब्रुवारीत गेली. महिन्याने भाचीने एक खोके आणून दिले. त्यात जादूच्या गोष्टींची चार पुस्तके, एकाच लेखकाची. लहानपणी ताई मला वाचून दाखवायची तीच. वडिलांचे हे दुकान मला नको होते. त्या लेखकाच्या गोष्टीतल्या घड्याळांच्या डोंगराने मला या स्टुलावर बसवले. चौसष्ट वर्षांनी स्वतः वाचले, तर डोंगर चार ओळींत संपला. तिथेच शंका आली.

तिसऱ्या पुस्तकात दिवेवाला विहिरीत उतरतो. माझ्या आठवणीत तो चिखलाने माखून परत येतो आणि आधी विचारतो, "माझ्या वाटचं कुणी खाल्लं?" ही ओळ पुस्तकात नाही. तीनदा शोधली. पानांचे आकडे तपासले. एकही पान गळालेले नाही. छापील दिवेवाला परतच येत नाही. बाकीचे सोबती विहिरीवर दगड ठेवून पुढे निघतात.

मी ठरवून टाकले, की जुनी पुस्तके भाचीने विकली आणि कुठली तरी कापाकापी केलेली आवृत्ती माझ्या गळ्यात मारली. पुतण्या म्हणाला, "काका, जुन्या पुस्तकांना हल्ली मोल आहे. तिला काय माहीत नसेल?" मी भाचीला फोन केला.

"मामा, काहीतरीच काय! आईच्या कपाटातलीच आहेत ती."

"मग दिवेवाला परत का येत नाही?"

"येतो की! येऊन विचारतो, माझ्या वाटचं कुणी खाल्लं. मी कुठे वाचलंय म्हणा, आई वाचून दाखवायची."

"म्हणजे खरी पुस्तकं तुमच्या घरात होती. सापडलीस."

"मामा, आईला जाऊन तीन महिने नाही झाले, आणि तुम्ही मला सापडलीस म्हणता?"

त्यानंतर बोलणे नाही.

२. परवा तिसऱ्या पुस्तकाचे तपकिरी कव्हर फाटले. आमच्या धंद्यात घड्याळ उघडले की झाकणाच्या आत सुईने आपली खूण करतात, दर वेळी एक. वडिलांचे पाहून मी लहानपणी हाताला येईल त्यावर खुणा करायचो. कव्हराखाली, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात, भिंगातून पाहिले. आडवी रेघ, वर टिंब. माझीच खूण, पाच वेळा. पुस्तक तेच आहे.

म्हणजे ताई न छापलेले वाचत होती. त्या वर्षी आई दवाखान्यात गेली ती परत आली नाही. मी सात वर्षांचा, ताई बारा.

तरी दोन दिवस मी ताईवरही संशय घेतला, की आणखी काय काय बदलून सांगितले असेल. आता शोधायचे सोडले आहे.

३. दुकान, अवजारे व मागची खोली भाचीला. विकायचे असल्यास खुशाल विकावे.

४. भिंतीवरचे मोठे घड्याळ पुतण्याला. त्याचा त्यावर फार दिवस डोळा आहे. ते रोज सात मिनिटे मागे पडते, हे त्याला सांगू नये.

५. चारही पुस्तके भाचीला. तिच्या मुलीला वाचून दाखवताना तिसऱ्यातले पान एकशे बारा, विहिरीवर दगड ठेवतात ते, छापल्याबरहुकूम वाचू नये. लेखकाला मी माफ केलेले नाही. मात्र विहिरीच्या पायऱ्या त्याने चांगल्या लिहिल्या आहेत. या वयातही मी त्या जीव मुठीत धरून उतरलो.

६. "सापडलीस" हा शब्द मी मागे घेतो. या कलमाची नक्कल माझ्या मरणाची वाट न पाहता आजच डॉक्टरीणबाईंनी तिला नेऊन द्यावी.

साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही). वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही).
स्थळ: दुकान. वेळ: सव्वातीन, माझ्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे, भिंतीवरचे धरू नये.

सहीपूर्वी हे वाचून शिंप्यांनी विचारले, "मग येतो का नाही तो परत?" येतो, असे सांगितले. दोघे गेल्यावर मी सुई घेऊन पुठ्ठ्याच्या त्याच कोपऱ्यात सहावी खूण केली आणि पुस्तकाला नवे कव्हर घातले.