चोथ्याची वाईन

म्हैसूर, ता. ४ नोव्हेंबर १९९३

ती. अव्वास देचम्माचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या कॉफीच्या दुकानात रोज घमेलंभर चोथा निघतो. तू आल्याची, विड्याच्या पानाची, मिरचीचीसुद्धा वाईन करतेस, मग चोथ्यानं काय घोडं मारलंय? उकळून गाळला, गूळ-मनुका आणि यीस्ट घालून दोन बरण्यांना दादरा बांधून एकवीस दिवस ठेवल्या. एक बाटली आपल्या गावच्या बोपण्णाबरोबर पाठवते आहे. डिसेंबरात महिला समाजाच्या वाईन स्पर्धेला यंदाही तूच परीक्षक ना? मग सुरुवात लेकीपासून कर. नावं खुशाल ठेव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी देचम्मा

अम्मत्ती, ता. १३ नोव्हेंबर

चि. देचम्मास अनेक आशीर्वाद.

बाटली पोचली. उष्ट्या चोथ्याची म्हणून आधी बाजूलाच ठेवली होती. मग बूच काढलं आणि काय सुवास गं! भाजलेल्या बदामाचा. गोडी जरा जास्त झाली, पुढच्या वेळी गूळ पावशेर कमी घाल.

इथे कॉफीची वेचणी सुरू आहे. कामाची पार्वती मात्र हल्ली फार शेफारली आहे. दूध लागलं, भात करपला, म्हणून माझ्याच स्वयंपाकाला नावं ठेवते. तिचे कान उपटायला तरी ये. जावयांना आशीर्वाद. आहे ती माया राहू दे.

तुझी अव्वा

म्हैसूर, ता. १९ नोव्हेंबर

ती. अव्वास शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. अव्वा, बाटल्यांची अदलाबदल झाली. तुला गेली ती बिघडलेल्या बरणीतली, मोरीत ओतायला काढून ठेवलेली. तिला नासक्या अंड्यांची अशी घाण येत होती की शेजारीण गटार तुंबलं का म्हणून विचारायला आली.

माझं मन राखायला गोड बोलणारी तू नव्हेस. माझ्या पहिल्या वाईनला तू पाहुण्यांदेखत म्हणाली होतीस, हिनं आधी पाय धुवावेत. म्हणजे तुला वास आलाच नाही. कधीपासून गं? पार्वती खरंच बोलत होती. घरात गॅस आहे, तू एकटी असतेस, मला भीती वाटते. आणि भरल्या सभेत तुझी फजिती झाली तर मला सोसणार नाही. रागाव, पण उत्तर लिही.

देचम्मा

अम्मत्ती, ता. २७ नोव्हेंबर

चि. देचम्मास आशीर्वाद.

रागावले तर होतेच. दोन दिवस तुझं पत्र तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवलं.

फेब्रुवारीतल्या तापानंतर वास गेला. मार्चात कॉफीचा मळा फुलला, वाटेवरची माणसं थांबून श्वास भरून घेत होती, आणि मी नुसतं पांढरं बघत उभी होते. डॉक्टर म्हणाले, येईल. आला नाही. सांगणार कुणाला? तुझ्या अव्वाच्या, या चोंदव्वाच्या नाकावर गावाचा भरवसा. तो मान जाऊ नये म्हणून मी तुझ्याशी खोटं बोलले, त्याची लाज वाटते. पार्वतीला सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, आजपासून दूध मीच तापवणार.

काल महिला समाजात जाऊन सांगून आले, माझ्या खुर्चीवर देचम्मा बसेल. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, तिला अनुभव काय? मी म्हटलं, आईनं केलेलं कौतुक खोटं आहे हे आईच्याच तोंडावर सांगते, परीक्षकाला आणखी काय लागतं?

दोन दिवस आधी ये. येताना चांगल्या बरणीतली बाटली आण. गोड-आंबट जिभेला अजून कळतं, ते मी सांगेन. वास तू सांग, मी ऐकेन.

तुझी अव्वा