रेव पार्टीस परवानगी मिळणेबाबत

पोलादपूर,
ता. १८ मार्च २००३

साडूबुवा श्री. रामजीराव यांस पोलादपूरच्या दत्तारामचा साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा धरला आहे, तेवढं एक अंग वजा समजावं). रक्तात साखर किती निघाली ते कळवा. माधुरीताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाच्या आत उरकून घ्या, उगाच पुढे ढकलू नका. इकडे तुमची मेहुणी मीना मजेत आहे, म्हणजे माझ्यावर ओरडण्याइतकी ठणठणीत आहे. यंदा मोहोर बरा धरला आहे, पेटी पाठवीन.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या पत्रात तुमच्या किरणचं नाव वारंवार येणार आहे. तुम्ही लावून दिलेली कंपनीतली नोकरी त्याने सोडली आणि घरही सोडलं, तेव्हापासून गेले आठ महिने त्याचं नाव निघालं की तुम्ही फोन माधुरीताईंच्या हातात देता, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर फोन न करता पत्र लिहितो आहे. हे पत्र कुणाच्या हातात देऊ नका. चष्मा लावा आणि ताजाकलमांसकट शेवटपर्यंत वाचा.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. कचेरीसमोरच्या जांभळाखाली टेबल टाकून बावीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहितो. रेशनकार्डापासून हरवलेल्या म्हशीपर्यंत विषय कुठलाही असो, माझ्या हातचा एकही अर्ज आजवर त्रुटी काढून परत आलेला नाही. (एकदा एक आला होता, पण तो उंदराने कुरतडल्यामुळे. उंदराची चूक माझ्या खात्यावर धरू नये.) माणसाला आयुष्यात मिरवायला एखादी गोष्ट लागते, माझी एवढीच आहे. ती गेल्या रविवारी जाता जाता राहिली, आणि त्याला कारण तुमचे चिरंजीव.

किरण मुंबईला मित्रांच्या साथीने गाण्यानाचाचे कार्यक्रम भरवतो. त्यासाठी त्याने किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते मला मागाहून कळलं. एका ठिकाणी फॉर्म दिला, त्यात तमाशा, सर्कस, जादूचे प्रयोग आणि कुस्त्या एवढेच रकाने. याचा कार्यक्रम कशातच बसेना. बाबू म्हणाला, जे रकान्यात नाही ते जगात नाही. दुसऱ्या ठिकाणी नाटकाची संहिता मागितली. किरण म्हणाला, यात शब्दच नसतात. त्यावर साहेब म्हणाले, मग आम्ही मंजूर काय करायचं, मुकाट्याने घरी बसा. दोनदा ठरलेला कार्यक्रम असा मोडला. खुलासा केला की कागद अडतो, एवढं शहाणपण त्यातून पोराने घेतलं, आणि तिसऱ्या खेपेला तो माझ्या टेबलाशी आला तेव्हा अगदी मोजून बोलला. 'काका, नदीकाठी रेव पार्टीची परमिशन पाहिजे.'

आता रामजीराव, तुम्ही याच मातीतले. तुम्हीच सांगा, रेव म्हणजे काय? नदीतली जाडी वाळू. आणि पार्टी म्हणजे? ठेकेदार. 'महाडची पार्टी आलीय', 'पार्टी पैशाला चोख आहे', असंच आपण जन्मभर म्हणत आलो. तेव्हा रेव पार्टी म्हणजे नदीतली रेव उचलणारा ठेकेदार, यात माझं काय चुकलं? मी विचारलं, किती ब्रास? (मुंबईत राहून विसरला असाल तर, ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वाळूचं माप.) तर म्हणतो, ब्रास बिलकुल नाही काका, फक्त डीजे. त्याला वाटलं मी बँडच्या पितळी वाद्यांचं विचारतोय, मला वाटलं पोराला माप कळत नाही आणि डी. जे. हे ठेकेदाराचं नाव. मी 'पार्टीचे नाव : श्री. डी. जे.' असं लिहिलं आणि ब्रासच्या रकान्यात माझ्या मनाने पाच घातले. माणसं किती विचारलं तर दीडशे म्हणाला. पाच ब्रासला दीडशे माणसं! मुंबईची उधळपट्टी, म्हटलं असेल. मग म्हणाला रात्रभर चालेल. तिथे मात्र मी डोळे वटारले. रात्री रेवेला हात लावणं गुन्हा आहे, सूर्योदय ते सूर्यास्त काय ते करा. त्याचा चेहरा उतरला, पण लगेच म्हणाला, 'डे पार्टी पण चालेल काका, गोव्याला पण करतात.' गोव्यातल्या वाळूच्या धंद्याची मला माहिती नव्हती. ज्ञानात भर पडली म्हणून मी त्याला चहा पाजला.

अकराव्या दिवशी परवाना हातात. किरणने मला भर कचेरीसमोर उचललं (गुडघा तेव्हाच धरला). त्याचं शिक्षण इंग्रजीतून, सरकारी मराठी त्याला वाचता येत नाही. त्याने 'रेव' वाचलं, 'पार्टी' वाचलं, गोल शिक्का पाहिला आणि वीस झेरॉक्स काढल्या. म्हणाला, 'काका, कायद्याने परमिशन मिळालेली अशी पार्टी अजून कुणी केली नाही. आता तरी बाबांना कळेल मी टाइमपास करत नाही ते.' हे वाक्य त्याने जसं म्हटलं तसं लिहिलं आहे.

रविवारी सकाळच्या गाडीने दीडशे पोरंपोरी वीर स्टेशनवर उतरली. आपला रिक्षावाला चांगू त्यांचे ते रंगीत केस, ते फाटके कपडे बघून गडबडला. 'वऱ्हाड कुणाचं हाय रे? नवरी कंची?' किरणने सांगितलं, नवरी नाय, रेव हाय. चांगू म्हणाला, 'रेव भराया एवढी नटून आल्यात?' आणि वीस रिक्षांची रांग हमरस्त्याने पोलादपूरकडे निघाली.

दुपारी मी छत्री घेऊन काम बघायला नदीवर गेलो. बघतो तो काय! ट्रकएवढाले स्पीकर धप धप धप करताहेत, आणि भर उन्हात पोरंपोरी डोळे मिटून नाचताहेत. रेवेकडे वाकून बघायला कुणी तयार नाही. वरच्या वाडीतली येसूबाई म्हशी पाण्यावर घेऊन आली होती. ती मला म्हणाली, 'दत्ताराम, यांना काय चावलं रे? माज्या म्हशी पाण्यात जात नाय.' मी किरणला गाठून विचारलं, अरे रेव कुठाय? तो घामाघूम, हसत म्हणाला, 'हीच तर रेव, काका!' मी वाकून त्याच्या पायाखाली पाहिलं. मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी तिथल्याच एका धोंड्यावर बसलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा माणसाला हवं होतं एक आणि मी लिहिलं होतं भलतंच.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. महसूल खात्याचे सर्कलसाहेब! रेव किती उचलली ते मोजायला खांद्याला टेप अडकवून आलेले. माणूस सज्जन, पण कागदापुढे बापाला ओळखणार नाही. त्यांनी परवाना तीनदा वाचला. पार्टी आहे, जागा बरोबर आहे, वेळ बरोबर आहे, मग रेव कुठे आहे? किरण खुलासा करायला तोंड उघडणार, तोच मी त्याच्या पायावर पाय दिला आणि म्हटलं, साहेब, काम आता सुरूच व्हायचंय, आधी अंग मोकळं करताहेत. साहेबांनी नाचणाऱ्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि निकाल दिला. सूर्यास्ताच्या आत पाच ब्रास मोजून मिळाली तर ठीक. नाहीतर अर्ज खोटा, परवाना रद्द, सामान जमा, आणि जांभळाखालचं टेबलही उचलायचं.

टेबलाचं बोलणं मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मला लागला तो किरणचा चेहरा. एवढासा झाला होता. म्हणाला, 'काका, परत फेल झालो ना मी? बाबांना सांगू नका.' रामजीराव, मला राग आला. त्याचा नाही, तुमचा. हे पत्र फाडायचं असेल तर इथेच फाडा, पण मग पुढची गंमत हुकेल.

कारण तुमचा मुलगा पुढच्या क्षणी स्पीकरवर चढला आणि माइक घेऊन म्हणाला, 'फ्रेंड्स, गव्हर्नमेंटचा रूल आहे, सनसेटच्या आधी पाच ब्रास रेव उचलायची!' पोरांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी अशा आरोळ्या ठोकल्या की येसूबाईच्या म्हशी तेवढ्याने पाण्यात गेल्या. येसूबाई वाडीवर जाऊन बायका आणि घमेली घेऊन आली. वाडीतल्या जानूने ट्रॅक्टर आणला. नदीपासून ट्रॉलीपर्यंत दीडशे जणांची रांग लागली आणि घमेली हातोहात निघाली. पण गाण्याचा ठोका पडायचा भराभर, घमेली जायची सावकाश, त्यामुळे रेव पायांवर सांडू लागली. तेव्हा येसूबाई थेट श्री. डी. जे. यांच्यासमोर जाऊन उभी राहिली (हा मी ठेकेदार केलेला इसम म्हणजे कानात डूल घातलेला एक काटकुळा पोरगा) आणि ओरडली, 'अरे, तुजा तो धप धप जरा हळू कर! घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ दे की!' त्याने हळू केला. मग जे जमलं, ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ठोक्याला घमेलं, ठोक्याला घमेलं. बायकांनी वर आपलं लावणीचं, म्हणजे भातलावणीचं, गाणं धरलं आणि त्या पोराने ते स्पीकरवर घेतलं. एका हिरव्या केसांच्या मुलीला येसूबाई शिकवत होती, 'अगो, कमरेत नको वाकू, गुडघ्यात बस. लगीन व्हायचं हाय तुजं.' फावडं घेऊन सगळ्यात पुढे पाण्यात उभा होता तो किरण. दोन्ही हातांना फोड आले, पण फावडं कुणाला दिलं नाही.

सव्वासहाला साहेबांनी शेवटच्या खेपेला टेप लावला. पाच ब्रास भरून दोन घमेली वर. परवान्यावर शेरा पडला, 'अटींचे तंतोतंत पालन केले.' जाताना साहेबांनी किरणला बाजूला घेऊन पुढची पार्टी कधी आहे ते विचारलं. पोरं तर जाताना म्हणत होती, पुढच्या वेळी दहा ब्रास ठेवा. थोडक्यात, माझा अर्ज परत आला नाही आणि टेबल जागेवर आहे. माधुरीताईंना मीनाचा आणि माझा नमस्कार. प्रकृतीला जपा, आणि चहात साखर चोरून घालू नका, मला सगळं कळतं.

आपला,
दत्ताराम

ता.क. ती रेव टाकली कुठे, हे सांगायचं राहिलं. अर्जात 'प्रयोजन' असा एक रकाना असतो. मुलगा रेव मागतोय म्हणजे घरासाठीच, असं धरून मी त्यात लिहिलं होतं, 'अर्जदाराच्या वडिलांच्या घरबांधकामासाठी.' त्यामुळे माझ्या शेजारच्या तुमच्या जागेत, जिथे घर बांधायचं असं तुम्ही अकरा वर्षं म्हणताय, तिथे आता पाच ब्रास रेवेचा ढीग उभा आहे. सहा महिन्यांत ती त्याच कामाला वापरायची अशी अट आहे. अट सरकारची आहे, माझी नाही.

ता.क. २. मित्र गेले, किरण मागे राहिला आहे. सकाळचा चहा घेऊन ढिगावर बसतो आणि कागदावर घर काढतो. स्वयंपाकघर पूर्वेला घेतलंय, माधुरीताईंना हवं होतं तसं. काल मला विचारत होता, बाबांना ओटी रस्त्याकडे आवडेल की नदीकडे? मी म्हटलं, मी नुसता अर्ज लिहिणारा. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याला विचार.

ता.क. ३. म्हणून सोबत त्याचा अर्ज जोडला आहे. माझ्या टेबलावर बसून त्याने स्वतः लिहिला, मराठीत. विषय : 'घरी येण्याची परवानगी मिळणेबाबत.' शुद्धलेखनाच्या नऊ चुका आहेत, मी एकही सुधारलेली नाही. वर आधी 'महोदय' लिहून ते खोडून 'बाबा' केलंय, ती खाडाखोडही त्याचीच. माझ्या टेबलावरून गेलेला अर्ज परत येत नाही, हे तुम्हाला वर सांगितलंच आहे. अर्जासोबत उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट जोडायची पद्धत असते. ते मी मुद्दाम जोडलेलं नाही. चांगूला मात्र रविवारी सकाळच्या गाडीला वीर स्टेशनवर उभं राहायला सांगितलं आहे.