फोटोमागची भिंत

मुंबई,
१० जुलै २०२५

प्रिय कांताआत्या,
सप्रेम जयभीम.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होऊन राह्यलं, खोकलाही गेला. तुझा गुडघा कसा आहे? जालन्याच्या डॉक्टरनं दिलेलं तेल लावतेस, का बाटली नुसती कोनाड्यात ठेवलीस? फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मी तुला खोटं बोललो आत्या, म्हणून पत्र.

चहाची जाहिरात लागली त्या दिवशी तू अख्खी गल्ली टीव्हीपुढं बसवलीस. चिवडा केलास. आपलं घर दिसलं, चूल दिसली, पण भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो न्हाई. तू लगेच फोन केलास, "प्रितम, फोटो कुठं गेला रे? मी तर शूटिंगवाल्यांना हात लावू दिला न्हाई!" मी म्हणालो, काचेवर उजेड पडला असेल.

उजेडबिजेड काही न्हाई. फोटो मी काढून टाकला.

माझं कामच ते. शूटिंग झाल्यावर जे नको ते कॉम्प्युटरवर पुसायचं. विजेची तार, मधेच आलेली कुणाची सावली. या वेळी यादीत आलं, भिंत मोकळी करा. फोटो पुसला की त्याच्या मागं काय होतं ते आपणच तयार करावं लागतं. दुसऱ्याला दोन दिवस लागले असते, मला एक दुपार लागली. दरसाल चौदा एप्रिलच्या आधी फोटो उतरवून मागं चुना मारायला तू मलाच स्टुलावर चढवायचीस ना! तिथला पोपडा, तो वाकडा खिळा, सगळं पाठ. साहेब म्हणाले, "भिंत एकदम खरी वाटते." लाज वाटायला पायजे होती. पण खरं सांगतो, तेव्हा बरं वाटलं.

त्यांनी मुद्दाम केलं का, मला कळून न्हाई राह्यलं. यादीत घड्याळपण होतं. कॅलेंडर मात्र राहू दिलं, त्याच्यावर गणपती होता. कधी वाटतं मीच उगं डोकं लावून राह्यलो. मंग वाटतं, उगं कसं?

पण मी तोंड का उघडलं न्हाई, ते मला बराबर माहीत आहे.

तुझं घर मीच सुचवलं होतं. साहेबांनी विचारलं कोणाचं, तर म्हणालो, ओळखीचं. आणि तुला सांगितलं, त्यांच्यापुढं माझं नातं काढू नको, कंपनीचा नियम आहे. असा नियम बिलकुल न्हाई आत्या. इथं माझ्या नावापुढं आडनाव न्हाई, नुसतं 'आर.' आहे. तुझा फोन आला की मी जिन्यात पळतो, कारण तू आधी जयभीम म्हणतेस आणि मला परत म्हणावं लागतं. चार वर्षं झाली. कोणी मला वाईट बोललं न्हाई, हेपण खरं. मंग मी कशाला भ्यालो? खरंच सांगता येत न्हाई.

शूटिंगच्या दिवशी त्यांनी तुला विचारलं म्हणे, प्रितम तुमचा कोण. तू म्हणालीस, "गावातला पोरगा हाये. गुणी हाये." आमच्या इथल्या एकानं हे मला हसत हसत सांगितलं. आई गेल्यावर तू मला मांडीवर वाढवलंस, आणि माझ्या एका खोट्यापायी तुला असं बोलावं लागलं. त्या दिवशी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

आता त्याच शूटिंगमधून मिनिटभराची मोठी जाहिरात होऊन राह्यली. तीच भिंत. या वेळी मी फोटो पुसला न्हाई. येत्या एकवीस तारखेला, सोमवारी सकाळी अकराला सगळे बसून बघणार. विचारतील, फोटो कसा राह्यला. मी सांगणार, घर जिचं तिनं काढू दिला न्हाई, आणि ती माझी आत्या आहे. ते फोटो ठेवतील का, मला ठेवतील का, काही समजत न्हाई. ऐन वेळी माझा आवाज निघेल का, तेपण न्हाई.

म्हणून अकराला फोन जवळ ठेव. चार्जिंगला लावून प्रभावतीकाकूकडं बसायला जाऊ नको. मी सगळ्यांसमोर, स्पीकर लावून फोन करीन. उचललास की थोडी थांब. या वेळी जयभीम आधी मी म्हणतो.

तुझा भाचा,
प्रितम रामकिसन हिवराळे