शालनच्या ओळी

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी निखिलने ‘खडू’चा, म्हणजे आमच्या मराठी प्रोग्रामिंग भाषेचा, मागचा सगळा इतिहास पुसून टाकला. वेळ माझ्या अंदाजाची नाही, मशीननेच नोंदवलेली आहे.

चहा घेऊन बसले आणि सर्व्हरवर नवीन काय आलंय ते पाहिलं. आधी पाहायचं, पटलं तरच आपल्या प्रतीत घ्यायचं, ही ऑफिसातली जुनी सवय. ती आज कामाला आली. स्क्रीनवर एकच ओळ: फोर्स्ड अपडेट. म्हणजे कोणीतरी जुनं सगळं बाजूला सारून जबरदस्तीने नवं बसवलंय.

साइट उघडली. सहा वर्षांच्या नोंदी होत्या तिथे. कोणी कुठली ओळ बदलली, कधी, का. आता एकच नोंद आहे, ‘इनिशियल कमिट’, म्हणजे पहिली नोंद, लेखक निखिल. पोर सहा वर्षांचं, आणि जन्मदाखल्यावर आजची तारीख.

मग मुलांचं काही चुकलं की मशीन काय बोलतं, त्या संदेशांची फाइल उघडली. ती अख्खी माझ्या मैत्रिणीने, शालनने लिहिलेली. ओळीवर टिचकी मारली की लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. पहिली ओळ निखिल. दुसरी निखिल. तळापर्यंत गेले. शालन कुठेच नाही. ऑगस्टमध्ये तिला स्मशानात पोचवून आलो, आणि आता हे.

फोन लावला.

“काकू, मीटिंगमध्ये आहे. नुसतं क्लीनअप केलंय. कोड एका अक्षराने बदललेला नाही.”

“मग लेखक कसा बदलला?”

“ते जरा टेक्निकल आहे.”

“तुझा जन्म व्हायच्या आधी मी विमा कंपनीचे प्रीमियम मशीनवर चढवत होते. टेक्निकल मला नको सांगू.”

तो म्हणाला, “नवीन कॉपी घ्या आणि जुना फोल्डर उडवा, नाहीतर उगाच गोंधळ होईल.”

जुना फोल्डर उडवलेला नाही. दोन पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवला. एक देवघरात, एक डाळीच्या डब्यामागे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

रागावून लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

निखिलचं श्रेय नाकारत नाही. मराठीत प्रोग्राम लिहिता यावेत म्हणून भाषा करायची, ‘जर’, ‘नाहीतर’, ‘परत कर’, ‘सांग’, ही कल्पना त्याची. कॉलेजात असताना सुरू केली. पण तेव्हा खडूत काही बिघडलं की इंग्रजीत खेकसायचा. आठवीतल्या मराठी शाळेच्या मुलीला ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ म्हणजे काय समजणार? शालनने ते पाहिलं आणि म्हणाली, “उषा, हे मशीन आपल्या जुन्या मॅनेजरसारखं बोलतं गं. काय चुकलं ते सांगत नाही, फक्त चिडतं.”

मग ती चेंबूरहून दर गुरुवारी मुलुंडला यायची. बाकीचे दिवस ती तिच्या घरी, मी माझ्या. नियम दोनच केले होते. दुसरीच्या ओळीला हात लावायचा तर आधी विचारायचं. आणि प्रत्येक बदलासोबत तो का केला ते माणसाला समजेल असं लिहायचं. निखिलला हे नियम मान्य होते. तेव्हा म्हणाला होता, “काकू, तुमच्या नोंदी वाचायला मजा येते यार.”

आज जुन्या प्रतीतून शा.च्या नोंदी वाचत बसले. एक उतरवून ठेवते:

“‘चूक’ हा शब्द सगळ्या संदेशांतून काढला. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी चूक म्हणाले की आम्ही पाटी पुसायचो. काय चुकलं ते पाटीबरोबर जायचं. आता आधी ओळ दाखवायची, मग काय राहिलंय ते सांगायचं.”

आणि ही शेवटची, हॉस्पिटलातून पाठवलेली:

“उजव्या हाताला सलाईन आहे, डाव्याने टाइप करतेय. फक्त एक स्वल्पविराम. उषा, तपास.”

कंपनीत तीस वर्षं आम्ही दोघींनी जे लिहिलं त्याच्या खाली ‘संगणक विभाग’ छापायचे. वर मॅनेजरची सही. खडूत पहिल्यांदा तिच्या नावापुढे तिचं काम दिसलं. तिने ते पान मोठं करून पाहिलं होतं, चष्मा काढून, पुन्हा घालून.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नि. आला. बीकेसीतल्या ऑफिसातून सुटून घाटकोपरला घरी जाता जाता पुढे मुलुंडपर्यंत आला, एवढं मानलं पाहिजे. हातात काजूकतलीचा बॉक्स. मी तो उघडला नाही.

त्याचं म्हणणं असं. एक शैक्षणिक संस्था खडू बऱ्याच शाळांत नेणार आहे. त्यांच्या माणसाने मागच्या नोंदी चाळल्या आणि विचारलं, यात हॉस्पिटल काय, पाणी आलं नाही म्हणून उशीर झाला काय, हे सगळं काय आहे? शिवाय काही नोंदी इंग्रजीत, काही मराठीत, काही धड कशातच नाहीत. प्रोफेशनल दिसत नाही.

“तिच्या बाटलीतलं सलाईन त्यांना प्रोफेशनल दिसलं नाही का?”

“काकू, प्लीज.”

“आणि सगळं तुझ्या नावावर गेलं ते प्रोफेशनल?”

“मी गोळा केलं म्हणून माझं नाव लागलं. तसंच होतं ते. मुद्दाम नाही हो.”

“लायब्ररीतली सगळी पुस्तकं एका गोणीत भरली की हमाल लेखक होतो का?”

कान लाल झाले त्याचे. मग तो मुद्द्यावर आला. शालन घराजवळच्या शाळेत मुलांवर संदेश तपासून पाहायची. मुलांनी लिहिलेले, अडलेले प्रोग्राम तिने चाचणीसाठी जसेच्या तसे घातले होते. मुलांच्या पूर्ण नावांसकट, शाळा आणि तुकडीसकट. सगळ्या जगाला दिसत होतं. नुसतं आज काढून भागत नाही, मागच्या प्रत्येक नोंदीत ते राहतंच.

“म्हणून सगळंच सपाट केलं. सोपं होतं. वेळ नव्हता.”

मी पाणी प्यायला उठले. हे मला माहीत नव्हतं.

जाताना दारात म्हणाला, “पहिल्या पानावर ठळक लिहू ना. ‘कै. शालन यांच्या स्मृतीस अर्पण.’ झकास दिसेल.”

“अर्पण तिला करायचं? तिचंच तिला?”

चप्पल घालून खाली मान घालून गेला. बॉक्स इथेच राहिला आहे. वॉचमनला दिला.

रविवार, १६ नोव्हेंबर

खरं आहे. जुनी प्रत चाळून काढली. मुलांची नावं, आडनावं, तुकडी. एका मुलीने तर ‘सांग’ लिहायच्या ऐवजी चार वेळा स्वतःचं नाव लिहून पाहिलंय. आणि त्या बदलासोबत शा.ची नोंद: “ज्याचं काम त्याचं नाव. मुलांचं आहे म्हणून काय झालं?”

ती हट्टाने, तत्त्वाने चुकली. तेच तत्त्व घेऊन मी निखिलशी भांडते आहे. पण बारा वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं होतं की तुझं अडलेलं काम जगाला दाखवू का? नाही विचारलं. ते जायलाच हवं.

तिचं नाव मात्र त्यासोबत जायला नको होतं. फोडाला मलम लावायचं सोडून हात कापला या मुलाने. आणि वर म्हणतो, सोपं होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

माझ्या खात्याला अजून मुख्य शाखेवर, म्हणजे सगळे वापरतात त्या मूळ प्रतीवर, लिहायची परवानगी आहे. नि. ती काढून घ्यायला विसरला, किंवा काढली नाही. म्हणजे जुनी प्रत मी जशीच्या तशी परत बसवू शकते. एक आज्ञा, एंटर. त्याने केलं तसंच.

आज्ञा टाइप करून ठेवली. स्वयंपाक केला. परत येऊन बसले.

मंगळवारपासून दोन शिक्षकांनी नवं काम घातलंय. एक बाई आहेत साताऱ्याच्या, त्यांनी अपूर्णांकांचे धडे लिहिलेत. सुंदर लिहिलेत. मी एंटर दाबलं की ते धडे जातील, त्यांचं नाव जाईल, आणि मुलांची नावं परत चव्हाट्यावर येतील. त्या बाई सकाळी उठून मशीन उघडतील आणि त्यांना दिसेल, फोर्स्ड अपडेट. लेखक उषा.

आज्ञा खोडली. फार वेळ लागला खोडायला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चेंबूरला प्रज्ञाकडे गेले. शालनची मुलगी, वकिली करते. तिला न विचारता हे पुढे रेटणं बरं नव्हे, आमचा पहिला नियमच तो.

तिने सगळं ऐकून घेतलं. वकील असल्यामुळे मध्ये बोलली नाही. मग म्हणाली, “मावशी, खरं सांगू? मला त्या खडूचा रागच होता. आई आजारी, आणि हातात लॅपटॉप. मी हिसकावून घेतला एकदा. म्हणाली, दे गं, उषा वाट बघत असेल.”

“बघतच होते.”

“काय एवढं होतं त्यात?”

मी तिला शेवटची नोंद दाखवली. डाव्या हाताची. तिने दोनदा वाचली.

“मग तपासलंस का तू?”

“हो.”

“बरोबर होता स्वल्पविराम?”

“बरोबर होता.”

ती आत गेली. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आली ती पोह्यांची बशी घेऊन.

“मावशी, भांड तू. पण त्या मुलाला हाकलू नकोस. तू वेगळा खडू काढशील, तो वेगळा काढेल, शाळा म्हणतील दोन्ही नकोत. मग आईचं नाव असून वाचणार कोण?”

“आणि त्याने ऐकलं नाही तर?”

“तर काय करायचं ते तुझं तू ठरव. मी आईसारखी नाही, मला सगळ्यातलं समजत नाही.” मग जरा हसली. “तिलाही समजायचं नाही. ती फक्त तसं दाखवायची नाही.”

गुरुवार, २० नोव्हेंबर

गुरुवार. खुर्ची रिकामी. काम मात्र झालं.

जुन्या इतिहासातून फक्त मुलांची नावं आणि शाळा काढली, प्रत्येक नोंदीतून. बाकी सगळं तसंच. तारखा तशाच, लिहिणाऱ्यांची नावं तशीच, पाणी आलं नाही तेही तसंच. त्यावर शिक्षकांचं नवं काम त्यांच्या नावाने बसवलं. शेवटी जे तयार झालं ते आणि निखिलचं आजचं, दोन्ही ताडून पाहिली. मुलांची नावं सोडली तर कोडमध्ये एका अक्षराचा फरक नाही. हे त्यालाही करता आलं असतं, पण म्हणे वेळ नव्हता.

मुलांच्या जागी नवी नावं हवी होती. विद्यार्थी एक, विद्यार्थी दोन, हे शा.ला कधी चाललं नसतं. मी फळं घातली. आता चिकूने ‘जर’ उघडून मिटवलेला नाही आणि सीताफळ ‘सांग’ लिहायचं सोडून स्वतःचं नाव लिहीत बसलंय. एकटीच हसले. मग हसू येईना.

वेगळ्या शाखेत ठेवलंय सगळं. मुख्य शाखेला हात लावलेला नाही. आता स्वीकारायचं की नाही ते त्याच्या हातात.

नि.ला मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज निखिलचा मेसेज. “काकू, संस्थेची सही होऊ दे, मग निवांत बघू. नक्की.” खाली हात जोडलेले.

निवांत. सही झाली की त्याचीच एक नोंद कायमची होणार, शाळाशाळांत तीच प्रत जाणार. नंतर कोण मागे जाऊन बघतंय. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, नंतर सॉरी म्हणणारा मुलगा सॉरी म्हणत नसतो, सुटका मागत असतो. मुलीही तशाच असतात, हे त्या म्हणायच्या नाहीत.

पत्र लिहिलं. उद्या ईमेलने पाठवेन, आणि छापून त्याच्या घरी कुरियरनेही. मजकूर इथे उतरवते, म्हणजे नंतर मीच मऊ पडून दोन शब्द बदलायला नकोत.

निखिल,

मुलांची नावं उघड्यावर होती, ती काढायला हवी होती. तुझं ते बरोबर होतं. हे मी प्रथम लिहिते आहे.

शालनचं नाव काढायला नको होतं. ते तू कोणाला न विचारता काढलंस. माझंही काढलंस, त्याबद्दल आज भांडत नाही.

दुरुस्त केलेला इतिहास वेगळ्या शाखेत तयार आहे. मुलांची नावं त्यात नाहीत. शिक्षकांचं काम त्यात आहे. तुझं सगळं काम तुझ्या नावाने आहे, कॉलेजातली ती पहिली नोंदसुद्धा, जिच्यात तू ‘चालतंय वाटतं’ एवढंच लिहिलं होतंस. स्वतःचीच ती ओळ तू पुसलीस, हे लक्षात आलं का तुझ्या?

मी जबरदस्तीने काही बसवणार नाही. परवानगी असूनही नाही. तुला ते स्वीकारायचं आहे किंवा नाकारायचं आहे. नाकारलंस तर मी आणि प्रज्ञा ही प्रत आमच्याकडून खुली करू, आणि खडू दोन होतील. मला ते नको आहे. प्रज्ञालाही नको आहे.

अर्पणपत्रिका नको. आभार नकोत. तिच्या ओळींवर तिचं नाव हवं.

‘नंतर बघू’ हे उत्तर धरलं जाणार नाही. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. मिठाई आणू नकोस. स्वीकारतोस की नाही, आणि नाही तर का, हे माणसाला समजेल अशा शब्दांत लिहून पाठव. रविवार, ३० नोव्हेंबर, संध्याकाळी सहाच्या आत. लेखी.

उषा