निमंत्रकाची ओळ

शहापूर, ३ एप्रिल २०२५

ती. नवसूकाका यांस,
रेश्माचा सा. न. वि. वि.

तुमच्या छापखान्यातून माझ्या लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं. फोनवर बोलले तर आवाज चढेल, म्हणून पत्र. मेहरून कागदावर सोनेरी अक्षरं, तीही वळणावळणाची. मुहूर्त शोधायला पाहुण्यांना भिंग लागेल. एका कागदावर पाच तऱ्हांची अक्षरं म्हणजे पाच जण एकदम बोलल्यासारखं वाटतं. हा वाशिंदच्या डिझाइनच्या नोकरीचा तोरा नाही; थोडा असेलही.

खरा राग वेगळा आहे. निमंत्रक म्हणून तुमचं नाव ठळक, आणि आईचं फोन नंबरांच्या खाली, मुंगीएवढं. आईनं चष्मा लावून दोनदा पाहिलं. नाव सापडलं नाही, तरी पत्रिका छान आहे म्हणाली. बाबांच्या मागे तिनं एकटीनं भात लावून मला वाढवलं. तिचं नाव वर, तुमच्याच मापात हवं.

सुंदराकाकूंना नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची रेश्मा


मुरबाड, ७ एप्रिल

चि. रेश्मा हिस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

मुरबाडची निम्मी लग्नं माझ्या अक्षरांत लागली, एकही वऱ्हाड दुसऱ्याच्या मांडवात गेलं नाही. तरी तू म्हणतेस तर नक्षी काढतो, कागदही बदलतो.

नावाचं मात्र माझ्या हातात नाही. विधवेचं नाव शुभकार्यात नको, असं दामूनानांनी सगळ्या भावकीसमोर बजावलं. तरी मी टाकलं, पण कुणाच्या नजरेत येणार नाही असं. वर घेतलं तर भावकी मांडवात पाय ठेवणार नाही. हट्टच धरलास तर कन्यादानाला दुसरं जोडपं बघ. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

वहिनींना जप.

तुझा काका


शहापूर, १० एप्रिल

ती. काका, सा. न.

दिसू नये म्हणून छापायचं, त्यापेक्षा छापूच नका. मी पत्रिका वाशिंदला करून घेते. कन्यादान आई करेल. हे पत्र तिनं वाचलंय. खालचं तिच्या हातचं.

रेश्मा

भावजींस देवकीचा नमस्कार. पोरीचं मनावर घेऊ नका. कन्यादान तुमी आन् सुंदरानंच करायचं. पन नाव मला पायजे. लेक माझी हाय, तिच्या लग्नाला या, असं मला माझ्या नावानं सांगायचंय. भावकीत पत्रिका घेऊन मीच फिरेन. कुनाला खटकलं तर मला बोलतील, तुमच्यावर काय येणार नाय. माझं नाव मला चष्म्याबिगर वाचता आलं पायजे, येवढं करा.


मुरबाड, १५ एप्रिल

ती. देवकीवहिनींस,
नवसूचा सा. न. वि. वि.

पत्रिका छापून झाल्या. पिवळसर कागद, लाल अक्षरं, सगळी एकाच वळणाची. आता तरी जीव थंड झाला का, ते रेश्माला विचारा. निमंत्रकाच्या ओळीत तुमचं नाव आधी, त्याखाली माझं, माप एकच.

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटते. पण भावकीत तुम्ही एकट्यानं जायचं नाही. रविवारी गठ्ठा घेऊन आम्ही दोघं येतो, अक्षता तयार ठेवा. पहिलं घर दामूनानांचंच घेऊ, नाहीतर माझा धीर सुटेल.

आजवर सांभाळून घेतलंत, रविवारीही घ्या.

तुमचा नवसू