चाळीस पावलांचं गॅरेज

४ जानेवारी

मुलाच्या एका जीपला एवढी जागा? पावलांनी मोजलं — लांबीला चाळीस, रुंदीला तीस. माझी पावलं काही हत्तीची नाहीत, पण तरी! परसातलं लिंबाचं झाड गेलं, कपडे वाळत घालायची तार गेली, आणि त्या जागी चुन्याच्या पांढऱ्या रेघा आल्या.

मुलाला विचारलं, काय रे हे? "गॅरेज, आई. वर्कशॉप. आता दुसऱ्याच्या दुकानात हात काळे करायचे नाहीत." मग घराला लागून का नाही? अगदी परसाच्या टोकाला? "आवाज होतो."

कसला आवाज! बावीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय आणि घरी आला की तोंडातून शब्द फुटत नाही.

(सून लिहितेय. मी सांगते, ती लिहिते. मला अक्षर येत नाही, आणि गप्प बसणं त्याहून येत नाही. अकरा वर्षं चाललंय आमचं हे.)

७ जानेवारी

पाया खणला. गवंडी माणूस चांगला, पण थंडीमुळे कानात कापूस. काहीही विचारा, उत्तर एकच — "साहेबांना विचारा." साहेब म्हणजे माझा मुलगा. मला हसू आवरेना. साहेब! नाक पुसायला मी शिकवलंय त्याला.

१२ जानेवारी

गवंड्यानं कोपऱ्यात विटांची छोटी खोली काढली. ही काय? "न्हाणीघर, आजी." का रे बाबा, गाड्या आंघोळ करणार? "संडास पण आहे. गरम पाण्याचा नळ. आणि इथं ओटा, शेगडीपुरता."

ओटा! मी हसले. घराकडे परत येता येता हसू कुठंतरी सांडलं.

गॅरेजला न्हाणी, ओटा, पडदा लावता येईल अशी खिडकी. घरात माणसं तीन — मुलगा, सून, मी. नात परगावी शिकते. तिघांतलं जास्तीचं कोण, हे कळायला शाळेत जावं लागत नाही.

हे सांगितलं आणि ही लिहायची थांबली. का गं? "काही नाही, आई. पेन अडतंय."

१३ जानेवारी

पेन चांगलं चालतंय. मी रेघोट्या मारून बघितल्या.

१९ जानेवारी

दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं, ती खोली कुणासाठी? मुलगा म्हणतो, "तिनं काही सांगितलं का तुला?" ही म्हणते, "त्यांनी काही सांगितलं का?" घ्या!

आणि आणखी एक. "आई, त्यांना सांगा, भाजी झाकून ठेवलीय." "आई, तिला सांग, उद्या मी लवकर निघणार." सहा पावलांवर बसून! मधे मी डाकवाली. आधी वाटायचं, म्हातारीचे पाय मोकळे राहावेत म्हणून पळवतात. आता उमगलं — माझ्यासमोर एकमेकांशी बोलले तर माझ्याबद्दलचा बेत तोंडातून निसटेल, म्हणून जपतात.

हे हिलाच लिहायला सांगतेय. दुसरं कोण आहे? लिही, बाई. खाली मान घालून लिही.

२५ जानेवारी

ठरवलं. जायचंच असेल तर माझ्या मापानं जाईन.

मुलगा कामावर गेला तशी गवंड्यासमोर जाऊन उभी राहिले. बेसिन कुठं लावणार? त्यानं स्वतःच्या पोटाशी हात धरला. म्हटलं, तिथं तोंड धुवायला मी शिडी आणू का? माझ्या कमरेखाली हात धरून दाखवला — इथं. दिव्याची बटणं माझ्या कोपराशी. ओटा माझ्या वितीनं तीन वीत, जास्त नको. न्हाणीत धरायला दांडा. आणि उंबरा अजिबात नको, पाय अडकतो.

त्यानं कानातला कापूस काढला! "आजी, साहेब काय म्हणतील?"

"साहेबाची आई सांगतेय."

कापूस परत घातला आणि खडूनं खुणा केल्या. दिवसभर फार खूश होते मी.

३० जानेवारी

मुलगा संध्याकाळी बघायला गेला, मी मागोमाग. सहा फूट उंची, बापावर गेलाय. बेसिनपाशी उभा राहिला. बेसिन त्याच्या मांडीला लागलं. बटणं शोधायला भिंतभर हात फिरवला, मग वाकला. आता कडाडणार, म्हणून मी पदर सावरून तयार!

"हे कुणी सांगितलं?"

"मी."

बेसिन हलवून बघितलं. मग, "असू दे."

असू दे? खिळा जरा तिरका बसला तर उपटून परत ठोकणारा माणूस हा! म्हणजे खोली माझीच, यात आता शंका राहिली नाही. सगळं मनासारखं झालं आणि जेवणावरून मी अर्ध्यावरच उठले.

४ फेब्रुवारी

छप्पर चढवलं. लोखंडी कैच्यांचा सांगाडा, वर पत्रे. वेल्डर ओरडत होता, "आजी, इकडे बघू नका! डोळे जातील!" बघितलं नाही. पुढं मोठं शटर बसवलं, ते खाली ओढलं तशी गल्लीतली सगळी कुत्री भुंकली. जीप कुठं उभी राहणार, तेही गवंड्यानं दाखवलं. कोपऱ्यात. बाकीचं सगळं रिकामं. रिकामं कशासाठी? डोकं चालत नाही.

नातीचा फोन आला. "आजी, आई नीट जेवते ना? बाबा बोलतो का गं?" माझी विचारपूस नाही, गुडघ्यांची नाही. म्हणजे तिलाही माहीत आहे!

११ फेब्रुवारी

हिनं आज न सांगता माझी नखं काढली. एकेक बोट हातात धरून, इतकी हळू. आता फार दिवस राहिले नाहीत, मी मनात म्हटलं.

१८ फेब्रुवारी

हे नीट लिही. माझं मलाच अजून उलगडत नाही.

सकाळी पेटी भरली. चार साड्या, स्वेटर, औषधांचा डबा, ह्यांचा फोटो. त्यांनी सांगायचं, मी रडायचं, मग त्यांनी समजूत काढायची — कोण करत बसणार एवढं! आपल्या पायांनी गेलेलं बरं. पेटी ओढत परस ओलांडला.

आत खाट. खिळ्याला मुलाचे दोन शर्ट. आणि तो स्वतः बेसिनसमोर गुडघे टेकून दाढी करतोय.

"आई? पेटी घेऊन कुठं निघालीस?"

"राहायला आले."

अर्ध्या गालाला साबण, तसाच बघत राहिला. "अगं, हे माझ्यासाठी आहे."

"आणि ती?"

"ती घरात राहील."

"भांडलात?"

"नाही गं. भांडायचं कधीच संपलं. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं! दोघांच्या मधे बसून मी जेवतेय, मीठ इकडून तिकडे देतेय, आणि मला वाटतंय सगळा कट माझ्याविरुद्ध! एवढी कोण लागून गेले मी?

तोंड पुसून म्हणाला, "तू सगळं खाली लावून घेतलंस ना, तेव्हा वाटलं, तूच माझ्याबरोबर येतेयस. म्हणून असू दे म्हटलं. ये इकडे. तुझी खाट मावते. तिच्यावर कशाला तुझा भार?"

राहायला म्हणून गेलेली मी. तो ये म्हणतोय. आणि माझ्या तोंडून हो निघेना! पेटी तिथंच टाकली आणि मोकळ्या हातांनी परत आले.

हिला म्हटलं, तुला माहीत होतं. "त्यांनी सांगायचं ठरलं होतं, आई. आज सांगतो, उद्या सांगतो. आणि तुम्ही रोज मला लिहायला लावत होता, की मी तुम्हाला बाहेर काढतेय."

रडलीस?

"दोनदा. बेसिनचं लिहिताना हसले."

मग आता काय करू मी, ते तरी सांग. ही वहीकडे बघत राहिली. "मी कसं सांगू? तुम्ही त्यांच्या आई आहात."

१९ फेब्रुवारी

काही सांगायचं नाही. ही वही उघडून बसली, मी पण बसले. मग बंद केली.

२० फेब्रुवारी

मुलाला हाक मारली — पेटी आण. घेऊन आला आणि दारात थांबला. स्वतःच्या घराच्या दारात! ही सरळ त्याला म्हणाली, "या." पेटी माझ्या खोलीत ठेवून तो गेला.

लिही. कुणी विचारलं तर, मी सुनेकडे असते. मुलगा वेगळा राहतो.